मे महिन्यातल्या वाकळी

१

"पोरी, तुझा सासरा मे महिन्यात वाकळी मागून राहिला. लक्षण काय बरं न्हाई हे."

चाकूरहून सासऱ्यांच्या शेजारच्या तारामतीकाकूंचा हा फोन आला तेव्हा आमची सम्यका पलंगाखाली शिरून शर्टाचं बटण तोंडात घालायच्या बेतात होती. माझ्या एका हातात तिचा पाय होता, दुसऱ्या हातात फोन. मी म्हटलं, "वय झालं की थंडी वाजते काकू."

"थंडी? हितं पत्र्यावर पापड भाजून निघायलेत अन् थंडी? असतील तेवढ्या वाकळी न्हेल्या, वर आणखी हायेत का म्हणून इचारलं. बाळंतीण हाय का तुझा सासरा?"

मी हसले. लेकीच्या तोंडातून बटण काढलं आणि वाकळींचं विसरून गेले.

तशी मी काळजी करणारी बाई आहे. प्लगच्या भोकांना टेप लावते. द्राक्षाचे तुकडे करूनच देते. लेक झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. पण म्हाताऱ्या माणसानं गोधड्या मागितल्या तर त्यात घाबरण्यासारखं काय असतं?

नंतर थोड्याच दिवसांनी काकूंच्या मुलाचा, हरिओमचा फोन आला.

"वहिनी, सर पडलेत. खोलीतून बाहेर आले अन् ओट्यावरच कोसळले. गाडीत घातलंय, लातूरला निघालोय. रविदादाला सांगा."

सर म्हणजे माझे सासरे, मारोती सोनकांबळे. निवृत्त विज्ञान शिक्षक. सासूबाई गेल्यापासून चाकूरला एकटेच राहतात. आम्ही नांदेडला. लेकीला माझ्या आईकडे टाकून मी, माझे मिस्टर रविकांत आणि नणंद विशाखा लातूरच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा बाबांच्या अंगावर ओल्या चादरी होत्या आणि डॉक्टरीणबाई वैतागलेल्या होत्या.

"या वयाच्या माणसाला भर उन्हात फिरू कसं दिलंत?"

"फिरले नाहीत हो," रविकांत म्हणाले. "दुपारभर खोलीतच होते. खोलीत पंखा आहे, कूलर आहे. मीच घेऊन दिलाय."

डॉक्टरीणबाईंनी एकदा रविकांतकडे, एकदा पेशंटकडे बघितलं. "मग कूलरसमोर बसून उष्माघात झालेला हा माझा पहिलाच पेशंट. हे बघा, या वेळी वाचलेत. पुन्हा असं झालं तर वाचतील असं मी सांगणार नाही."

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. आम्हाला वाटलं पाणी मागतील. ते म्हणाले, "मला सोडणार कधी? जीवशास्त्राचे धडे राहिलेत."

बाबा बरे झाले की त्याच खोलीत परत जाणार होते. आणि त्या खोलीत त्यांना काय झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

२

बाबांचे धडे म्हणजे काय ते सांगते.

लातुरात अंध मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथल्या दहावीच्या मुलांसाठी बाबा विज्ञानाचं पुस्तक वाचून, समजावून, आवाजात भरून पाठवतात. नुसतं वाचत नाहीत. आकृती आली की ती शब्दांत काढतात. "हृदय म्हणजे तुमच्या मुठीएवढं. आता मूठ झाका. उघडा. झाका." असं.

पहिल्यांदा त्यांनी हे जुन्या कॉम्प्युटरवर केलं. तो सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घोंगावायचा. शाळेतल्या एका मुलीनं फोनवर सांगितलं, "सर, तुम्ही छान शिकवता, पण तुमच्या मागं कुणीतरी सारखं दळण दळतंय." बाबांना ते फार लागलं. त्यांनी विशाखाला फोन केला. "मला न बोलणारं मशीन पाहिजे."

विशाखा माझी नणंद, वयानं माझ्याएवढीच. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. नांदेडला वर्कशॉप कॉर्नरजवळ एका खोलीत बसून लोकांना हवे तसे कॉम्प्युटर जुळवून देते. तिचं काम बघत बसणं हा माझा आवडता विरंगुळा. बाबांचं मशीन तिनं माझ्यासमोरच बांधलं. कॅबिनेट पोळ्यांच्या डब्याहून थोडंसं मोठं. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणजे एक वस्तू निवडली की दुसरी अडते. प्रोसेसर तिनं मुद्दाम थंड डोक्याचा घेतला. "वेगवान घोडा कशाला? बाबांना बैलगाडीच पाहिजे, फक्त चाक वाजायला नको." वीजपुरवठ्याचा भाग पेटीत ठेवलाच नाही, लॅपटॉपसारखा बाहेर वायरीवर काढला, म्हणजे त्याचा पंखा गेला. फिरणारी डिस्क नको, चिपवालीच. उरला एक पंखा. तो मोठा आणि सावकाश फिरणारा निवडला, कारण छोटा पंखा किंचाळतो. त्याच्या स्क्रूखाली कुकरची जुनी रिंग कापून रबराचे तुकडे बसवले, थरथर पेटीत उतरू नये म्हणून.

मग सुरू झालं तिचं खरं काम. प्रोसेसरला मिळणारी वीज ती चिमूटचिमूट कमी करत गेली. मशीन अडखळलं की एक पायरी मागे, परत चाचणी. पंखा कधी किती फिरावा हेही तसंच. स्वयंपाकात मीठ बेतावं तसं. शेवटी तिनं पेटीला कान लावला, मला लावायला लावला. मला फक्त माझ्याच कानातलं रक्त वाजताना ऐकू आलं.

"चालू आहे?" मी विचारलं.

"चालू आहे," ती म्हणाली. असा आनंद मी माणसांच्या चेहऱ्यावर बारशालाच बघितलेला आहे.

आणि आता दवाखान्याच्या व्हरांड्यात रविकांत त्याच मशीनवर घसरले.

"तुझ्या त्या डब्यानं भट्टी केली खोलीची! एवढ्याशा पेटीत कोंबाकोंबी केलीस, ती गरमी जाणार कुठं? बाबांच्या अंगावरच ना? ते मशीन आता चाकूरला राहणार नाही."

विशाखाचा चेहरा उतरला. पण आवाज नाही. "दादा, ते मशीन सगळा जोर लावून चाललं तरी जुन्या पिवळ्या बल्बएवढंच तापतं. तू त्या खोलीत नुसता बसलास तर त्याच्याहून जास्त ऊब सोडशील."

"मी?"

"हाव. आणि रागावलास तर आणखीच."

"मग कशानं झालं हे?"

"माहीत नाही. म्हणून तर खोली बघायची आहे." ती माझ्याकडे वळली. "वहिनी, येतेस?"

"मी कशाला?"

"तू लेकराच्या भातात न टाकलेला खडा शोधणारी बाई. तूच पाहिजेस."

३

हरिओमनं कुलूप काढलं. तो इलेक्ट्रिशियन आहे, बाबांचाच विद्यार्थी. दार ढकललं तशी आतली हवा तव्यावरच्या वाफेसारखी तोंडावर आली.

"सरांना उचललं तवा आत कुणी पाऊल टाकलं न्हाई," तो म्हणाला. "मी भायेरूनच मेन अन् इन्व्हर्टर दोन्ही पाडले, कुलूप घातलं. तवापासून तसंच हाय."

विशाखाला हेच हवं होतं. म्हणजे आतली बटणं बाबांनी ठेवली तशीच होती. आम्ही बघितलं. कॉम्प्युटरचं बटण चालू. पंख्याचं बंद. कूलरचंही बंद.

"बंद?" मी दचकले.

"सर हायेत ते," हरिओम हसला. "वर्गातून निघताना आम्हाला सांगायचे, शेवटला पोरगा बटण बंद करंल. बाहेर येताना केलं असंल."

पटण्यासारखं होतं. मी खोली न्याहाळत राहिले. टेबलावर मशीन, माईक, पुस्तक. मागच्या खिडकीत कूलर. दुसऱ्या खिडकीवर, दारामागं आणि टेबलासमोरच्या भिंतीवर खिळे ठोकून तारामतीकाकूंच्या वाकळी टांगलेल्या. लाल, निळ्या, जुन्या लुगड्यांच्या.

"ह्या बघ, विशाखा. पांघरायला नव्हत्या नेल्या."

"झळ लागू नये म्हणून असतील," हरिओम म्हणाला.

"खिडकीवरची समजले. पण भिंतीवर?" विशाखानं वाकळीवरून हात फिरवला आणि मशीनकडे गेली. हरिओमनं मेन चढवला. मशीन निमूट सुरू झालं. तिनं स्क्रीनवर काय काय उघडून बघितलं, मागं हात लावला. "याला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"मग रविदादा म्हणला असंल, हरिओमच्या इन्व्हर्टरनं दगा दिला," हरिओम फणकारला. "त्या दिवशी दुपारभर लाईट न्हवती, खरं हाय. पण हे बघा." त्यानं बॅटरीला मीटर लावून आमच्यापुढं धरलं. "भरलेली! सरांना उचलताना पाडला तो इन्व्हर्टर, पुन्हा चार्जिंगला लावलेला न्हाई. दुपारभर कूलर ओढला, पंखा ओढला, तरी ढिम्म. असला माल लावलाय मी."

त्याची छाती फुगली होती. विशाखा मात्र त्या मीटरकडे बघत राहिली.

"हरिओम, इन्व्हर्टर फारच चांगला लावलायस तू."

"मग!"

"तेच मला आवडलेलं नाही," ती म्हणाली.

४

तारामतीकाकू ओट्यावर ताकाचा तांब्या घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच सुरू झाल्या.

"जयभीम म्हणायचं सोडून तोंड पाडून बसलीस काय ग इशाखा? तुझा बाप लोखंडाचा हाय. अन् सांगून ठेवते, डबा माझ्या हातचा व्हता, पर शिळं काय दिलं न्हाई मी. भाकर, भाजी अन् ताक. ते बी दारातच घ्यायचे. आत ये म्हणलं न्हाईत कवा."

"तुमच्यावर कोण संशय घेतंय काकू? एकच सांगा. कूलरमध्ये पाणी कोण भरतं?"

"मीच की. मागच्या बाजूनं, आमच्या नळाला पाईप लावून." काकूंनी पदर खोचला. "पर खरं सांगू? कूलर लई गुणाचा हाय तुझ्या भावानं घेतलेला. पाणीच पीत न्हाई! उन्हाळा लागताना रोज भरायची. आता जाऊन बघावं तर टाकी भरलेली ती भरलेलीच. आमचा मेला म्हशीवाणी पितो. मी आमच्या ह्यांना म्हणलं, असा कूलर आणा."

मी हसत होते. विशाखा हसत नव्हती. ती उठली आणि घराला वळसा घालून मागच्या खिडकीकडे गेली. मी मागोमाग.

टाकी काठोकाठ भरलेली होती. बाजूची जाळी आणि तिच्यातलं गवत वाळून कोळ झालेलं. विशाखा त्या गवताला बोट लावून बघत होती. मी पाण्यात बघितलं, कारण पाणी साठलेलं दिसलं की मला तेच बघायची सवय आहे.

"अळ्या," मी म्हटलं. "डासांच्या. वळवळून राहिल्यात बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे हे पाणी बरेच दिवस हललेलं नाही. कूलर चालला असता, पाणी फिरलं असतं, संपलं असतं, ताजं भरलं गेलं असतं. इथं तर पिढी वाढलीय."

विशाखानं माझ्या पाठीवर थाप मारली. "म्हणून तुला आणलं."

आता दोघांचं कौतुक एका जागी येऊन बसलं. हरिओमची बॅटरी संपली नव्हती, कारण तिनं कूलर ओढलाच नव्हता. काकूंचा कूलर पाणी पीत नव्हता, कारण तो चालतच नव्हता. बाबा मे महिन्याच्या दुपारी, पंखाही बंद करून, वाकळी टांगलेल्या बंद खोलीत बसत होते.

"कूलर बिघडला असेल," मी म्हटलं. हरिओमनं बटण दाबून बघितलं. कूलर घरघरत सुरू झाला आणि कुबट वास सोडत गार वारा टाकू लागला.

मी रविकांतना फोन लावला. ते म्हणाले, "काटकसर. वीज वाचवत असणार. जुनी सवय."

विशाखानं मान हलवली. "वीज वाचवणारा माणूस निदान पंखा तरी लावतो. अन् कॉम्प्युटर कशाला चालू ठेवेल? नाही वहिनी. बाबांनी गरमी सोसली, कारण तिच्या बदल्यात त्यांना काहीतरी मिळत होतं. काय मिळत होतं?"

५

त्या दिवशीच परत लातूरला जाताना आम्ही अंध शाळेत शिरलो. तिथल्या तनुजा मॅडम बाबांचे धडे मुलांपर्यंत पोचवतात. सर आजारी आहेत म्हटल्यावर त्यांचे डोळे भरले. मग त्याही कौतुक करायला लागल्या. विशाखानं माझा हात दाबला. आज दिवसभर आम्हाला कौतुकाचीच भीती वाटत होती.

"मार्चपर्यंत सरांच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं घरघर असायची. मग नवीन कॉम्प्युटर आला, पुष्कळ फरक पडला. आणि हल्ली तर काय सांगू! एकदम स्वच्छ. स्टुडिओत भरल्यासारखं. आमची मुलं म्हणतात, सर कानात येऊन बसलेत."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"उन्हं कडक झाली ना, तेव्हापासून."

विशाखानं तीन धडे मागितले. एक जुन्या मशीनवरचा, एक नवं मशीन आल्यावरचा, एक अगदी शेवटचा. एकेक ती ऐकायची आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवायची.

पहिल्या धड्यात बाबांच्या मागं गिरणी होती. दुसऱ्यात गिरणी नव्हती, पण दूरवर एक संथ घरघर होती, मधूनच टपटप. कूलर. आणि कुठंतरी एक टमटम गेली.

तिसऱ्यात काहीच नव्हतं.

बाबा बोलत होते आणि त्यांच्या आवाजाला कडा होत्या. पुस्तकाचं पान उलटलेलं ऐकू येत होतं. ओठ ओले केलेले ऐकू येत होते. इतकी शांतता मी चाकूरमध्ये कधी ऐकलेली नाही. सकाळी कोंबडी, शाळेची पोरं, नळावरची भांडणं. संध्याकाळी गाड्या, भोंगे. भर दुपारीच तेवढं सगळं गाव दारं लावून आडवं होतं.

धडा होता घामाचा. घाम वाळतो तेव्हा शरीराची उष्णता कशी घेऊन जातो, ते बाबा समजावत होते. मी शब्द सोडून दिले आणि दुसरंच ऐकायला लागले. लेकीला ताप भरला की मी जे ऐकते ते. दोन वाक्यांच्या मधलं.

"विशाखा," मी म्हटलं, "धड्याच्या सुरुवातीला ते एका दमात अख्खं वाक्य बोलतात. शेवटी बघ, तीन शब्दांवर श्वास घेतायत. आणि तो उथळ आहे. सम्यकाचा ताप चढताना असाच होतो."

विशाखानं परत हेडफोन लावले. डोळे मिटले. शेवटपर्यंत ऐकलं. काढले तेव्हा तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"कुणी केलं हे, ते कळलं," ती म्हणाली. "मीच."

६

दवाखान्यात बाबा उशीला टेकून बसले होते. रविकांत शेजारी. विशाखा खुर्ची ओढून समोर बसली.

"बाबा, कूलर कधीपासून बंद ठेवता?"

"काय आठवत न्हाई."

"मग मी सांगते, चुकलं तर थांबवा. जुना कॉम्प्युटर इतका घोंगावायचा की त्याच्यामागं कूलर आहे हेच कुणाला कळत नव्हतं. मी तो काढला. नवं मशीन दिलं ते मुकं. मग पहिल्यांदा तुम्हाला कूलर ऐकू आला."

बाबांनी छताकडे बघितलं.

"कूलर बंद केला. तर पंख्याची कुरकुर ऐकू आली. पंखा बंद केला. तर गल्ली ऐकू आली. मग काकूंकडून वाकळी आणल्या, खिडकी-दार बुजवलं, भिंतीवर टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. तरी सकाळ-संध्याकाळ गाव गप्प बसेना. मग दुपार धरली. गाव झोपतं ती दुपार. म्हणून बॅटरी भरलेली राहिली, टाकी भरलेली राहिली, आणि शाळा म्हणाली स्टुडिओ. तिघांनीही कौतुकच केलं, बाबा. तुम्ही मरत होता त्याचं."

रविकांत उभेच राहिले. "बाबा! खरं?"

बाबा हळूच म्हणाले, "ट्रॅक्टरसारखा वाजतो रे तुझा कूलर."

"मग सांगायचं नाही का? दुसरा घेतला असता."

"अन् ह्या म्हाताऱ्याला काय येड लागलं म्हणून मशीन नेलं असतं. न्हाईतर मला." त्यांनी विशाखाकडे बघितलं. "ती पोरं दिवसभर कानानंच बघतात. मी फळ्यावर कचरा ठेवून आकृती काढली असती का कधी? सगळा फळा पुसून घेतल्याशिवाय खडू हातात धरला न्हाई मी. तुझं मशीन आलं तवा वाटलं, आता फळा पुसता येईल."

माझे सासरे हट्टी आहेत हे मला माहीत होतं. ते इतके सुंदर हट्टी आहेत हे माहीत नव्हतं.

रविकांतच शेवटी भानावर आले. "ते काही नाही. मशीन मी घेऊन चाललो."

"ने," विशाखा म्हणाली. "उद्यापासून मोबाईलवर भरतील. दार लावूनच."

बाबांनी नजर चुकवली. म्हणजे तो बेत आधीच झालेला होता.

"मग करायचं काय?"

विशाखा उठली. तिच्या चेहऱ्यावर मला परत ती बारशाची कळा दिसली. "मी ते मशीन चुकीचं जुळवलं. आता नीट जुळवते."

७

वर्कशॉप कॉर्नरच्या खोलीत विशाखानं सगळी कपाटं उपसली आणि जुने पंखे टेबलावर मांडले. छोटे, घासलेले, बेअरिंग गेलेले. एकेक लावून ऐकायचा. या वेळी निवड उलटी होती.

"हा कसा?"

"भुंग्यासारखा. वाईट नाही," मी म्हटलं.

"मग नको. हा?"

त्या पंख्यानं असा चिरका सूर लावला की माझ्या मांडीवरच्या सम्यकानं भोकाड पसरलं. विशाखानं तिचा मुका घेतला. "पास!"

तो पंखा तिनं बाबांच्या पेटीत बसवला. जागा नव्हती, तरी काढली. मग मदरबोर्डच्या एका पिनेला एक बारीक तार जोडली, टोकाला मोहरीएवढा मणी. तो मणी पेटीच्या बाहेर, खोलीतली उष्णता मोजायला. आधी तिनं मशीनला शिकवलं होतं की तू तापलंस तरी ओरडू नको. आता शिकवलं की खोली तापली तर ओरड. माणसाला त्रास होईल त्याच्या बऱ्याच आधी पंखा किंचाळणार आणि रेकॉर्डिंगचं वाटोळं करणार. बाबांनी उठून कूलर लावायचा, खोली गार झाली की पंखा आपोआप गप्प. मग कूलर बंद, पुढचा परिच्छेद. किती उष्णतेला ओरडायचं, किती उतरल्यावर थांबायचं, हे ती पुन्हापुन्हा बेतत राहिली. फार लवकर ओरडला तर बाबा चिडून पेटीच फेकतील, उशिरा ओरडला तर उपयोग नाही. चाकूरच्या त्या खोलीत स्वतः दार लावून बसली, घामानं निथळली, आकडा बदलला, परत बसली. बाहेर मी दर थोड्या वेळानं कडी वाजवत होते. ती आतून ओरडायची, "जिवंत आहे ग!"

बाबा घरी आले. पहिल्याच दुपारी पंखा किंचाळला. बाबा दचकले, मग पोट धरून हसले.

"हे म्हणजे वर्गात मॉनिटर बसवलास माझ्यावर!"

"तार काढली तर?" रविकांतनी विचारलं. ते आता बहिणीच्या मशीनकडे जावयाकडे बघावं तसं बघायला लागले होते.

"तार काढली तरी ओरडतो. बघ." विशाखानं तार उपटली. पंखा पिसाळल्यासारखा सुटला. तारामतीकाकू ताक घेऊन धावत आल्या. "कोण मेलं?"

"कुणी नाही काकू. म्हणूनच वाजतोय," विशाखा म्हणाली, आणि तार परत टोचली.

बाबांनी चष्मा लावला. पेटीभोवती फिरले. तो मोहरीएवढा मणी दोन बोटांत धरून, एखाद्या हुशार विद्यार्थ्याची वही बघावी तसा कौतुकानं बघितला. मग अगदी सहज, विज्ञानाच्या मास्तराला शोभेल अशा आवाजात म्हणाले:

"अन् हा मणी माठात बुडवून ठेवला तर?"

विशाखानं माझ्याकडे बघितलं. मी माठाकडे. तो टेबलापासून हातभर अंतरावर होता.

माठ आम्ही स्वयंपाकघरात नेला. पण माठाला पाय नसले तरी सासऱ्यांना आहेत. आणि जीवशास्त्राचे धडे अजून संपलेले नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. आम्ही नांदेडला असतो, लेकीमुळे मला रोज जाता येत नाही, काकू सोयाबीनच्या कामाला लागल्या की शेतात जातात. तुम्ही कधी दुपारचे चाकूरला असाल, तर सोनकांबळे सरांचं घर कुणीही दाखवेल. ओट्यावर क्षणभर थांबा. कूलरची घरघर ऐकू आली तर खुशाल पुढं जा. चिरका पंखा किंचाळत असला तरी जा, ते उठतील. पण आतून काहीच ऐकू आलं नाही, अगदी काहीच नाही, तर कृपा करून कडी वाजवा. धडा बिघडला म्हणून ते रागावतील. रागावू द्या. दार उघडेपर्यंत वाजवत राहा.